पोचलं का? सामायिक लहरींवरच्या पोचपावतीचा आढावा

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यात कुणी मुंबईला निघाले की दारातून एक वाक्य हमखास ऐकू येते : "उतरलास की मिस्ड कॉल दे." फोन उचलायचा नाही, बोलायचे नाही, पैसे जाऊ द्यायचे नाहीत. घंटी वाजली म्हणजे माणूस पोचला. आता कॉलचे पैसे कुणी मोजत नाही, पण शिरस्ता टिकून आहे.

पंचाईत होते ती घंटी वाजत नाही तेव्हा. माणूस पोचलाच नाही, की पोचला पण फोन बंद पडला? की पोचला, फोनही लावतोय, पण लाइन मिळत नाही? तिन्ही प्रसंगांत घरी ऐकू येते ती एकच गोष्ट, शांतता.

बिनतारी संपर्काच्या अभ्यासकांना गेली पन्नास वर्षे याच शांततेने गुंतवून ठेवले आहे. निरोप पोचला की घेणाऱ्याने पोचपावती द्यायची आणि ती आली नाही तर देणाऱ्याने निरोप पुन्हा पाठवायचा, एवढी ही साधी रीत. लहरी एकाच मालकाच्या असतात तिथे ती बरी चालते. पण लहरी सगळ्यांच्या असतील तर पावतीचा भरवसा कसा वाढवायचा, यावर अजून एकमत नाही. त्या वादातल्या मुख्य भूमिका आणि न सुटलेल्या गाठी इथे एकत्र मांडल्या आहेत.

सामायिक म्हणजे काय

मोबाइल कंपन्या लिलावात लहरी विकत घेतात, त्या पट्ट्यात दुसऱ्याला बोलायची मुभा नसते. वाय-फाय, ब्लूटूथ किंवा दूरवरचे मीटर मात्र परवानामुक्त पट्ट्यात चालतात. भारतात जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा असा खुला झाला. त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा छोटा पट्टा मोकळा झाला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ खुले केले. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झसाठीही मसुदा नियम काढले. अशा मोकळिकीच्या नियमांमागे एक अट सारखीच असते : कुणाला त्रास द्यायचा नाही, कुणी त्रास दिला तर दाद मागायची नाही आणि पट्टा आपल्या एकट्याचा समजायचा नाही.

हेंद्रेपाड्यातल्या एखाद्या गॅलरीत संध्याकाळी उभे राहून फोनवर वाय-फायची यादी उघडली की या अटीचा अर्थ कळतो. इमारती एकमेकींना खेटून, घरागणिक राउटर आणि सगळ्यांना मिळून मोजकेच चॅनेल. अशा गर्दीत निरोप हरवतो हे सहज पटते. पावतीही त्याच गर्दीतून परत यायची असते, हे मात्र चटकन लक्षात येत नाही.

प्रश्नाची पूर्वपीठिका

पावतीची गरज रेडिओने निर्माण केलेली नाही. रजिस्टर पत्राला चिकटवले जाणारे ए.डी. कार्ड हे तेच होते. रेल्वेत स्टेशनमास्तर आणि फाटकावरचा गेटमन एकमेकांना 'प्रायव्हेट नंबर' देतात, तेही तेच. फाटक बंद झाल्याचे नुसते तोंडी सांगून भागत नाही. नंबर द्यावा लागतो आणि समोरच्याने तो नोंदवावा लागतो.

सामायिक लहरींवरची पहिली मोठी व्यवस्था हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने जून १९७१ मध्ये चालू केली. तिचे नाव अलोहा. बेटांवरची टर्मिनले एकाच वाहिनीवर मनाला येईल तेव्हा बोलत. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही निरोप वाया जात. या पद्धतीत वाहिनीचा उपयोग जास्तीत जास्त १८.४ टक्के होऊ शकतो, हे गणिताने दिसते. पण अलोहातली एक सोय विसरली जाते. टर्मिनलांना मिळणारी पावती दुसऱ्याच वाहिनीवरून यायची आणि त्या वाहिनीवर मध्यवर्ती केंद्राखेरीज कुणी बोलत नसे. म्हणजे निरोपांची धक्काबुक्की झाली तरी या पावत्या गर्दीबाहेर होत्या. पुढच्या पन्नास वर्षांतल्या अनेक उपायांचे मूळ इथेच आहे.

१९७५ मध्ये अक्कोयुन्लू, एकनाधम आणि ह्यूबर यांनी एक कोडे मांडले. १९७८ मध्ये जिम ग्रे यांच्यामुळे ते 'दोन सेनापतींचा पेच' म्हणून प्रसिद्ध झाले. दोन डोंगरांवर दोन सेनापती, मधल्या खोऱ्यात शत्रू. हल्ला एकाच वेळी करायचा तर जासूद खोऱ्यातूनच जाणार आणि तो पकडला जाऊ शकतो. पहिल्याने निरोप धाडला, दुसऱ्याने पावती धाडली. पण पावती पोचली हे दुसऱ्याला कसे कळावे? त्यासाठी पावतीची पावती हवी, मग तिचीही. ही साखळी कधी संपत नाही आणि दोघांनाही पुरती खात्री कधीच मिळत नाही. पूर्ण खात्री मिळत नाही हे तेव्हाच ठरले, म्हणून नंतरचा सगळा वाद पुरेशा खात्रीचा आहे.

१९९० मध्ये फिल कार्न यांनी बिनतारी जाळ्यासाठी आधी विचारून मग बोलण्याची पद्धत सुचवली. १९९४ मध्ये भारघवन आणि सहकाऱ्यांनी तिच्यात प्रत्येक निरोपामागे तत्काळ पावतीची भर घातली. कारण व्यावहारिक होते. हरवलेला तुकडा शोधण्याचे काम वरच्या थरातल्या टीसीपी या नियमावलीवर सोडले तर त्याला निदान अर्धा सेकंद वाट पाहावी लागे. जवळच्या जवळ पावती मिळाली तर चूक लगेच दुरुस्त होते. १९९७ मध्ये आलेल्या ८०२.११ या वाय-फायच्या पहिल्या मानकातही तत्काळ पावती आहे.

शांततेचा तिसरा अर्थ

परवान्याच्या लहरींवर पावती न येण्याचे अर्थ दोनच : निरोप पोचला नाही, किंवा पोचला पण पावती वाटेत हरवली. मोबाइलच्या मानकांनी या चुकांना मापेही लावली. दिलेली पावती न ओळखण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत हवे. 'नाही'ला 'होय' समजण्याची चूक त्याहून कडक, हजारात एकाच्या आत हवी. पहिल्या चुकीत निरोप उगाच दुसऱ्यांदा जातो, एवढाच तोटा. दुसरीत पाठवणारा निश्चिंत होतो आणि निरोप कायमचा बुडतो.

सामायिक लहरींवर आणखी एक नियम येतो : बोलण्याआधी ऐका. युरोपात ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो कायद्यानेच आहे. चॅनेल रिकामा असेल तरच बोलायचे, नाहीतर थांबायचे. त्यामुळे शांततेला तिसरा अर्थ मिळाला. निरोप पोचला, पावती लिहून तयार आहे, पण बोलायची पाळी आलेली नाही. पाठवणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

चुकीच्या अर्थाची किंमतही वाढते. या पट्ट्यात चालणाऱ्या एलटीईत मागच्या निरोपांच्या पावत्या पाहून पुढे किती थांबायचे ते ठरते. ठरावीक भागातले ८० टक्के किंवा अधिक जबाब नकारार्थी आले, तर टक्कर झाली असे मानून थांबण्याची मर्यादा वाढवली जाते. वाय-फायमध्ये पावती आली नाही की पाठवणारा थांबतो आणि बहुधा वेगही कमी करतो. वेग घटला की तोच निरोप हवेत जास्त वेळ रेंगाळतो, शेजाऱ्यांना जास्त थांबावे लागते, त्यांच्या पावत्या लांबतात. पावती हरवली एवढ्याच कारणाने गर्दी वाढते.

पहिली भूमिका : पावतीला आधी वाट द्या

वाय-फायने सुरुवातीपासून हीच वाट धरली. निरोप संपला की घेणारा चॅनेल ऐकत बसत नाही, ठरावीक सूक्ष्म अवकाशानंतर सरळ पावती देतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये हा अवकाश १६ मायक्रोसेकंदांचा असतो आणि इतरांना नवा निरोप सुरू करण्याआधी निदान ३४ मायक्रोसेकंद गप्प राहावे लागते. पावतीचा तुकडा अवघ्या १४ बाइटचा असल्यामुळे सगळ्यांच्या आधी निसटतो. गर्दीच्या लोकलमध्ये उतरणाऱ्याला आधी वाट देतात, तसेच हे.

वाय-फायच्या पट्ट्यात आलेल्या ५जीने, म्हणजे मोबाइल मानकाच्या २०२० मधल्या सोळाव्या आवृत्तीतल्या एनआर-यूने, यातला काही भाग उचलला. टॉवरने चॅनेल मिळवला की आपल्या वेळेतला थोडा भाग तो फोनला देतो. मधला खंड १६ मायक्रोसेकंदांचा असेल तर फोन न ऐकता बोलू शकतो, पण ५८४ मायक्रोसेकंदांहून जास्त नाही. खंड २५ मायक्रोसेकंदांचा असेल तर क्षणभर ऐकून बोलायचे.

या भूमिकेचे बळ तिच्या साधेपणात आहे, तिची मर्यादा भूगोलात. टॉवरजवळ चॅनेल रिकामा असेल, पण फोनजवळ शेजारचा राउटर बोलत असेल. हेंद्रेपाड्याच्या भाषेत, हॉलमधल्या राउटरला समोरच्या इमारतीचा राउटर ऐकू येत नाही, गॅलरीतल्या फोनला मात्र येतो. ज्याने निरोप ऐकलाच नाही त्याला आत्ता पावती यायची आहे हे कळत नाही आणि तो मध्येच बोलतो.

दुसरी भूमिका : पावतीसाठी वेगळा रस्ता ठेवा

हा अलोहाचा वारसा. २०१६ मध्ये मोबाइलच्या मानकात तेराव्या आवृत्तीतून 'लाआ' ही पद्धत आली तेव्हा परवानामुक्त पट्ट्यातून टॉवरकडून फोनकडे फक्त माहिती जात असे. पावत्या आणि नियंत्रणाचे निरोप कंपनीच्या विकत घेतलेल्या लहरींवरून परत येत. पावतीचा प्रश्न अशाने सुटला, पण ज्यांच्याकडे परवान्याच्या लहरी नाहीत त्यांना हा रस्ताच नव्हता. गोदाम, कारखाना, महाविद्यालय अशांना सगळा कारभार खुल्या पट्ट्यातच चालवायचा होता. फक्त खुल्या पट्ट्यात चालणारी मल्टीफायर ही पद्धत आणि पुढे एनआर-यूचा स्वतंत्र प्रकार त्यांच्यासाठी आला आणि प्रश्न परत जागेवर आला.

तिसरी भूमिका : पुन्हा संधी द्या, पुन्हा विचारा

पाळी न मिळणे टळत नसेल तर पावतीला एकच वेळ बांधून देऊ नये, असे ही भूमिका मानते. एनआर-यूची बरीचशी मेहनत या दिशेने आहे. टॉवर निरोप पाठवताना सांगू शकतो, 'पावती कधी द्यायची ते मागून कळवतो.' निरोपांचे दोन गट करता येतात आणि एखाद्या गटाच्या पावत्या पोचल्या नसतील तर त्या गटाच्या पुन्हा मागवता येतात. सर्वांत सरळ उपाय म्हणजे सगळ्या चालू व्यवहारांची स्थिती एकदम मागवणे. हेंद्रेपाड्यातली आई साडेनऊपर्यंत घंटी आली नाही की स्वतः फोन लावते, तीच ही रीत. शांततेचा अर्थ लावत बसायचे नाही, विचारायचे.

आक्षेप आहे तो आकाराचा. सगळ्यांची स्थिती एकदम मागवली की पावती फुगते, मोठी पावती हवेत जास्त वेळ राहते आणि तिला धक्का लागण्याची शक्यता वाढते. म्हणून सतराव्या आवृत्तीत ठरावीक व्यवहारांपुरतीच विचारणा करण्याची सोय आली. अठराव्या आवृत्तीत दोन उपकरणांना खुल्या पट्ट्यात थेट बोलण्याची मुभा मिळाली, तिथेही एका निरोपाच्या पावतीसाठी एकाहून अधिक संधी राखता येतात. मात्र राखलेल्या आणि न वापरलेल्या संधी कुणाच्या खात्यावर मांडायच्या, हा प्रश्न उरतो.

चौथी भूमिका : पावत्याच कमी करा

या भूमिकेचा इतिहास आपल्या जवळचा आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा होण्याआधी बदलापूरच्या ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. तिथल्या गावांत आयआयटी मुंबईतल्या अभय करंदीकर यांच्या गटाने ग्राममार्ग प्रकल्पात टीव्हीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागा वापरून इंटरनेट पोचवून पाहिले. पुढे हे काम २५ गावांपर्यंत नेताना ५.८ गिगाहर्ट्झचा खुला पट्टा वापरला.

अशा लांब पल्ल्याच्या दुव्यांत पावतीचा वेगळाच घोळ होतो. रेडिओलहर एक किलोमीटर जायला सुमारे ३.३ मायक्रोसेकंद घेते. दहा किलोमीटरवरच्या गावाची जाऊन-येऊन फेरी ६७ मायक्रोसेकंदांची. घरगुती वाय-फायमधला वेळेचा एक स्लॉट ९ मायक्रोसेकंदांचा. वाट पाहण्याची मर्यादा बदलली नाही तर पाठवणारा पावती येण्याआधीच हार मानून तोच निरोप पुन्हा पाठवतो. इथे पावती हरवलेली नसते, वाटेत असते.

आयआयटी कानपूरच्या डिजिटल गँजेटिक प्लेन्स प्रकल्पातून भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये याला धीट उत्तर दिले. पुढे हे दोघेही आयआयटी मुंबईत आले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक तुकड्यामागची तत्काळ पावती बंद केली आणि दोन्ही टोकांनी पाळीपाळीने बोलायचे ठरवले. २००७ मध्ये बर्कलीच्या गटाने वाइल्डनेट या पद्धतीत अनेक तुकड्यांची एकत्र पावती आणि हरवलेले तुकडे भरून काढणारी जादा माहिती यांची जोड दिली.

घरगुती वाय-फायनेही एकत्र पावतीची वाट २००५ मध्येच धरली होती. आधी ६४ तुकड्यांपर्यंतची एक पावती, वाय-फाय ६ मध्ये २५६ आणि वाय-फाय ७ मध्ये १०२४ पर्यंत. फायदा उघड आहे, धोकाही. एक पावती गेली तर मोठ्या गठ्ठ्याचा हिशेब अडतो.

लोरावॅन या कमी शक्तीच्या जाळ्यात हीच भूमिका टोकाला जाते. उल्हास नदीच्या काठी पाण्याची पातळी मोजणारे एक यंत्र कल्पावे. ते ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात निरोप देते, मग एका सेकंदाने आणि पुन्हा दोन सेकंदांनी पावतीसाठी थोडा वेळ कान उघडते, एरवी झोपलेले. पण अशा यंत्रांचे निरोप गोळा करणारा सर्वसाधारण गेटवे बोलत असताना ऐकू शकत नाही. एका यंत्राला पावती देताना बाकीच्यांचे निरोप बुडतात. युरोपात काही उपपट्ट्यांत तासाच्या एक टक्काच, म्हणजे ३६ सेकंद बोलता येते. गेटवेला ती मर्यादा लागली की पावत्या लवकर संपतात. म्हणून रोजच्या मोजणीला पावती मागू नये, एकच निरोप दोन-तीनदा पाठवावा, असा सल्ला मिळतो.

विरोधी बाजू विचारते, पुराच्या दिवसाचे काय? जुलै २००५ आणि जुलै २०१९ मध्ये उल्हासचे पाणी बदलापूर पश्चिमेत शिरले. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा दिवशी सगळी यंत्रे एकदम बोलणार आणि सगळ्यांनाच पावती हवी असणार. वर्षातले ३६० दिवस पावती नसलेली बरी आणि पाच दिवस तिच्यावाचून चालत नाही, अशी व्यवस्था कशी आखायची याचे नेमके उत्तर कुणाकडे नाही.

न सुटलेल्या गाठी

पहिली गाठ ऐकण्याच्या उंबरठ्याची. वाय-फायचा राउटर दुसऱ्या वाय-फायचा आवाज उणे ८२ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे लहरींच्या शक्तीचे माप) ओळखतो, पण अनोळखी लहरींसाठी त्याचा उंबरठा उणे ६२ आहे. लाआने २० मेगाहर्ट्झसाठी उणे ७२ धरला. दर दहा डीबीला शक्ती दहापट बदलते. 'रिकामा चॅनेल' म्हणजे काय, याबद्दल दोन शेजाऱ्यांची व्याख्या इतकी वेगळी असेल तर पावतीची पाळी कोण ठरवणार?

दुसरी गाठ आकाराची. युरोपचे नियम सांगतात की बोलताना चॅनेलच्या रुंदीचा निदान ८० टक्के भाग व्यापावा. पावती तर इवलीशी. एनआर-यूने तिला कंगव्याच्या दातांसारखी रुंदीभर विखरून हा नियम पाळला. पण एवढ्याशा निरोपासाठी सबंध चॅनेल अडवणे रास्त आहे का, यावर मते वेगळी आहेत.

तिसरी गाठ वेळेची. कारखान्यातल्या यंत्रमानवाला पावती काही मिलिसेकंदांत हवी, नाहीतर तिचा उपयोग नाही. ८०२.११बीएन, म्हणजे पुढचे वाय-फाय ८, वेगापेक्षा भरवशावर भर देते. विलंब आणि तुकड्यांचे हरवणे प्रत्येकी २५ टक्क्यांनी कमी करायचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. गर्दीच्या खऱ्या वस्तीत ते किती साधते, हे मानक पूर्ण होऊन उपकरणे आल्यावरच कळेल.

चौथी गाठ मापाची. बहुतेक अभ्यास एका जाळ्याच्या पावत्या किती सुधारल्या ते मोजतात. त्या सुधारणेने शेजारच्या जाळ्याच्या पावत्या किती बिघडल्या, हे त्याच तक्त्यात क्वचित मांडलेले असते.

आज कुठे आहोत

चारही भूमिका एकमेकींच्या शत्रू नाहीत. आजच्या मानकांत त्या मिसळून वापरल्या जातात : जवळ असाल तर पावतीला आधी वाट, परवान्याची लहर असेल तर वेगळा रस्ता, पाळी चुकली तर पुन्हा विचारणा आणि जमेल तिथे एकत्र पावती. फरक आहे तो शंकेची किंमत कुणी मोजायची यात. पुन्हा पाठवले तर पाठवणारा मोजतो, कान उघडे ठेवून वाट पाहिली तर घेणाऱ्याची बॅटरी मोजते, पावतीसाठी चॅनेल राखला तर शेजारी मोजतो. सेनापतींच्या कोड्यात पक्ष दोनच होते. सामायिक लहरींवर हा शेजारी तिसरा पक्ष झाला आहे. पाठवणारा आणि घेणारा मानकांच्या प्रत्येक पानावर आहेत. हेंद्रेपाड्यातल्या समोरच्या गॅलरीतला तिसरा मात्र उंबरठ्याच्या एखाद्या आकड्यापुरता येतो आणि तो आकडा किती असावा, यावरच अजून चर्चा चालू आहे.